नवं यंत्र, जुनी माती

माझ्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आमच्या आपाचा, धाकटा मुलगा मेलबर्नला असतो. संगणकाच्या कंपनीत नोकरी, बायको, दोन मुलं, चारचौघांसारखा संसार. पण शनिवार उजाडला की हा गृहस्थ गाडीत एक छोटी कुदळ, पाण्याच्या बाटल्या आणि लांब दांड्याचं एक यंत्र टाकतो आणि दोनेक तासांवरच्या डनोली नावाच्या गावाकडच्या रानात निघून जातो. तिथं तो सोनं शोधतो. गेले काही महिने त्याचा फोन आला की विषय एकच. "मामू, नवं मशीन येतंय!" कधी येतंय, किती किमतीला येतंय, किती खोलवरचं ऐकणार आहे, याबद्दल त्याच्या मित्रमंडळींत रोज नवी बातमी उठते. जुनं यंत्र विकायचं की ठेवायचं, यावर घरात दोन तट पडले आहेत. ईदच्या मुबारकबादीसाठी मी फोन केला, तर चौथ्या वाक्याला आम्ही पुन्हा मशीनवर!

तुम्ही म्हणाल, कविता लिहिणाऱ्या माणसाला यात काय गम्य? खरं आहे. मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन. विजेशी माझा संबंध दिवा लावण्या-मालवण्यापुरता. पण इतकी शहाणी माणसं एका दांडक्याची अशी चातकासारखी वाट का पाहतात, हे कुतूहल मला गप्प बसू देईना. मग भाच्याला विचार, पुस्तकं चाळ, असं करत जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

आधी जागा समजून घेऊ. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात १८५१ साली सोनं सापडल्याची बातमी फुटली आणि जगभरातून माणसांचा लोंढा तिथं लोटला. प्रांताची लोकसंख्या तेव्हा सुमारे ७७ हजार होती. दहा वर्षांत ती सव्वापाच लाखांच्या पुढे गेली. बॅलारॅट, बेंडिगो ही शहरं त्या लोंढ्यानं उभी केली. इथल्या सोन्याचं वैशिष्ट्य असं की ते नुसतं कणाकणानं सापडत नाही, ढेकळासारखं सापडतं. १८६९ साली मोलियागुल गावाजवळ जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या दोघांना जे ढेकूळ मिळालं त्यात सत्तर किलोंहून जास्त सोनं होतं. एका झाडाच्या मुळाशी, मातीच्या पृष्ठभागाखाली जेमतेम एक इंच! डनोलीच्या तराजूत ते मावेना, म्हणून ऐरणीवर ठेवून त्याचे तुकडे करावे लागले. एक इंच माती. त्या आधी किती जणांचे बूट तिथून गेले असतील, हा विचार तिथल्या प्रत्येक हौशी माणसाच्या मनात घर करून बसलेला आहे. आज सरकारकडून एक परवाना घ्यायचा, तो दहा वर्षं चालतो. साध्या हातहत्यारांनी खणायचं, सोनं मिळालं तर ते आपलं, आणि खणलेला खड्डा बुजवून यायचं. राष्ट्रीय उद्यानं आणि तिथल्या मूळ रहिवाशांची पवित्र स्थळं मात्र सोडायची.

आता यंत्र. विमानतळावर आपल्या अंगावरून फिरवतात त्याच जातीचं हे, पण कान फार तिखट. दांड्याच्या टोकाला ताटलीसारखी एक चकती असते. तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी. त्यांतून वीज उलटसुलट वाहवली की चकतीभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते मातीत उतरतं. मातीत धातू असेल तर त्याच्या अंगात विजेचे छोटे भोवरे उठतात. त्या भोवऱ्यांचं स्वतःचं एक अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्र असतं. ते वर येतं, चकतीतलं दुसरं वेटोळं ते ऐकतं आणि कानातल्या हेडफोनमध्ये आवाज होतो. म्हणजे हे यंत्र पाहत नाही, ते हाक मारतं आणि ओ ऐकतं.

ही युक्ती नवी नाही. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात रुतून बसलेली, क्ष-किरणांचा शोध अजून लागायचा होता. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं असंच एक यंत्र घेऊन धावले. पण अध्यक्षांच्या गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांनी आग्रहानं शरीराची उजवी बाजूच तपासू दिली. गोळी होती डावीकडे. गारफील्ड वाचले नाहीत. मला ही हकिगत फार बोलकी वाटते. यंत्र खोटं बोललं नव्हतं. धातू आहे, एवढंच ते सांगत होतं आणि धातू होताच! पुढं दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्यानं सुरुंग शोधण्याचं हातात धरायचं यंत्र बनवलं. त्यानं त्याचं पेटंटही घेतलं नाही, ब्रिटिश सैन्याला ते तसंच देऊन टाकलं. १९४२ साली अल अलामीनच्या वाळवंटात त्या यंत्रांनी सैन्याला वाट करून दिली. युद्धानंतर अशी यंत्रं स्वस्तात बाजारात आली आणि हौशी लोकांच्या हाती पडली.

तर धातू आहे हे कळलं. पण कुठला? इथं खरी मेख आहे. विजेचे भोवरे प्रत्येक धातूत सारख्या वेळात उठत नाहीत, सारख्या वेळात विझत नाहीत. लोखंडाची ओ वेगळी, चांदीच्या रुपयाची वेगळी. यंत्र त्यावरून पडद्यावर एक आकडा दाखवतं. म्हणून खिळे वगळून नाणी शोधता येतात. मात्र सोन्याचा लहान तुकडा आणि सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद यांचा आकडा बरेचदा एकच येतो. थंड पेयाच्या डब्याची कडी आणि सोन्याची अंगठी यांचंही तसंच. कागद नको म्हणून तो आकडा गाळला की सोनंही गळालं. भाचा म्हणतो, "मामू, मी सोनं कमी आणि कचरा जास्त खणतो. माझ्यामुळं डनोलीचं रान स्वच्छ झालं!" आमच्याकडे सराफकट्ट्यातली धूळ झाडून, धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी असत. त्यांचंही तेच. घमेलंभर धूळ धुवावी तेव्हा चिमूटभर हाती लागणार.

दुसरी अडचण मातीची. ही मला सर्वांत रंजक वाटली. आपण समजतो माती मुकी असते. व्हिक्टोरियातल्या सोन्याच्या रानातली माती लाल, लोहयुक्त आहे. आपल्या कोकणातला जांभा आठवा, तसाच तिथला दगड. अशा मातीवर चकती धरली की मातीच ओ देते, आणि तीही सोन्याच्या कणापेक्षा कितीतरी मोठ्यानं. काही दगड तर असे की हुबेहूब सोन्यासारखे वाजतात. जुनी यंत्रं या गोंगाटात बहिरी होऊन जात. तरी त्या काळातही मोठं घबाड मिळे. १९८० साली किंगोवर गावाजवळ केव्हिन हिलियर या माणसाला गॅरेट कंपनीच्या यंत्रानं सुमारे २७ किलोंचं ढेकूळ मिळालं, फूटभर खोलीवर, जमिनीत उभं रुतलेलं. अमेरिकेतल्या लास व्हेगासच्या एका जुगारगृहानं ते दहा लाख डॉलरहून जास्त किमतीला घेतलं. पण २७ किलो सोनं बहिऱ्यालाही ऐकू जाईल. हरभऱ्याएवढं ऐकायचं तर वेगळी तऱ्हा हवी होती.

ती तऱ्हा अशी. सतत बोलत राहून ऐकण्याऐवजी एकदा जोरात हाक मारायची आणि लगेच गप्प व्हायचं. त्या शांततेत मातीची ओ आणि धातूची ओ वेगवेगळ्या रीतीनं विरत जातात. त्यांतली मातीची ओळखायची, वजा करायची आणि उरेल ते ऐकायचं. हे सगळं सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत. एखाद्या गवयानं तान संपवल्यावर तंबोऱ्यावर काय उरतं ते ऐकावं, तसा प्रकार आहे. ही पद्धत आधीपासून होती, पण लाल मातीसाठी ती पक्की केली ब्रूस कँडी या ऑस्ट्रेलियन संशोधकानं. त्याचं यंत्र माइनलॅब कंपनीनं १९९५ साली एसडी २००० या नावानं बाजारात आणलं. त्यानंतर जे झालं, ते कळल्याशिवाय भाच्याच्या मित्रांची आजची उत्कंठा कळणार नाही. वीस-वीस वर्षं पिंजून काढलेली, "इथं आता काही उरलं नाही" म्हणून सोडून दिलेली रानं पुन्हा बोलू लागली. माणसं आपल्याच जुन्या खड्ड्यांशेजारी उभी राहिली आणि पायाखालून आवाज आला. जमीन तीच, सोनंही तेच. फक्त मधला गोंगाट उपसला गेला होता.

म्हणून नवं यंत्र येतंय म्हटलं की ही माणसं नवी जागा शोधायला निघत नाहीत, जुन्या जागांच्या वह्या काढतात. २०१५ साली याच कंपनीचं जीपीझेड ७००० आलं, २०२१ साली जीपीएक्स ६००० आलं. दरवेळी हेच. यंत्राचं वजन सव्वातीन किलोंवरून दोन किलोंच्या घरात आलं, हीही साधी गोष्ट नाही. दिवसभर दांडा डावी-उजवीकडे फिरवून खांदा उतरतो, त्याला विचारा! नाणी आणि जुन्या वस्तू शोधणाऱ्यांची यंत्रं वेगळ्या दिशेनं सुधारली. जाड स्वर मोठ्या नाण्याला भावतो, बारीक स्वर लहान कणाला. आता एकच यंत्र दोन्ही स्वर एकाच वेळी लावतं आणि उत्तरं ताडून पाहतं.

मग ही वाट पाहणं सार्थच म्हणायचं का? थोडं थांबा. जाहिरातीत हमखास एक शब्द असतो, 'खोल'. पूर्वीपेक्षा खोल, आजवर कधी नव्हतं इतकं खोल. इथं निसर्गाचा एक नियम आडवा येतो. तो मला भाच्यानं कागदावर मांडून समजावला, आणि गणितात काठावर पास झालेल्या माझ्यासारख्यालाही तो पटला. चकतीचं क्षेत्र अंतराबरोबर झपाट्यानं मंदावतं. खोली दुप्पट झाली की खाली पोचणारी हाक आठपट क्षीण. आणि ओ वर यायलाही तीच वाट, तीही आठपट क्षीण. आठ गुणिले आठ, चौसष्ट. म्हणजे लहानसा तुकडा दुप्पट खोलीवर गेला की त्याचा आवाज ढोबळमानानं चौसष्टावा भाग उरतो. नुसतं दहा टक्के जास्त खोलवरचं ऐकायचं तरी यंत्राचा कान पावणेदोन पट तिखट व्हावा लागतो. तेव्हा 'दुप्पट खोल' असं कुणी म्हणालं की सौदा तिथंच थांबवावा. मोठी चकती लावली तर मोठा तुकडा जरा खोलवरून ऐकू येतो, पण बारीक कण हातचे जातात. नव्या यंत्राकडून खरी मिळकत होते ती बोटा-दोन बोटांची, आणि गोंगाट कमी झाल्याची.

ते बोटभरही मोलाचं असतं, हे मान्य. पण २०२३ साली व्हिक्टोरियात एका माणसाला जो दगड सापडला त्याची गोष्ट ऐका. साडेचार किलोंहून जास्त वजनाचा दगड, त्यात सुमारे २ किलो ६०० ग्रॅम सोनं. किंमत २ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. आणि यंत्र? बाराशे डॉलरचं, हौशी लोकांचं, सोन्यासाठीचं खास महागडं नव्हे! इंग्लंडात २००९ साली स्टॅफर्डशायरमधल्या एका शेतात टेरी हर्बर्ट या गृहस्थाला सातव्या शतकाच्या आसपासचा अँग्लो-सॅक्सन खजिना मिळाला. सुमारे चार किलो सोनं, दीड किलोहून जास्त चांदी, साडेचार हजारांवर तुकडे. त्याचं यंत्र चौदा वर्षांचं जुनं होतं. आठवडी बाजारात जुनं सामान विकतात तशा ठिकाणी ते त्यानं अडीच पौंडांना घेतलं होतं. हे भाच्याला ऐकवलं तर तो म्हणाला, "मामू, तुम्ही अम्मीच्या बाजूनं बोलताय." आपाला हे सगळं प्रकरण मंजूर नाही, हे वेगळं सांगायला नको.

इथपर्यंत सोन्याचं झालं. सोन्याच्या ढेकळाला इतिहास नसतो. ते कुणी बनवलेलं नाही, कुणाच्या हातून पडलेलं नाही. ते उचलल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. पण हीच चकती जेव्हा जुन्या वस्तूवर वाजते, तेव्हा मामला बदलतो. आमच्या घरात पुरलेल्या धनाला 'दफिना' म्हणत. दफन आणि दफिना हे एकाच मुळाचे शब्द. जे कुणीतरी मातीच्या हवाली केलं ते. म्हणजे त्यामागं माणूस आहे.

भाच्याला एकदा पितळेचं एक नाणं मिळालं. मधोमध चौकोनी भोक, चिनी अक्षरं. त्यानं मला फोटो पाठवला. गंमत म्हणून पाठवला होता, पण मी त्यात गुंतलो. त्या सोन्याच्या धामधुमीत हजारो चिनी मजूरही व्हिक्टोरियात आले होते. १८५५ साली तिथल्या सरकारनं कायदा केला, की जहाजानं येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसामागं दहा पौंड भरायचे. गरिबाला ते कुठून परवडणार? मग ही जहाजं शेजारच्या प्रांतात रोब नावाच्या बंदरात लागू लागली. तिथून ही माणसं खांद्यावर कावड घेऊन सोन्याच्या रानापर्यंत चालत गेली, चारशे किलोमीटरच्या आसपास. असं चालत आलेल्या एखाद्याच्या कनवटीचं ते नाणं असेल का? मी विचारलं, कुठं मिळालं? नक्की कुठं? ओढ्याच्या काठी की वस्तीच्या जागी? एकटंच होतं की शेजारी बशीचे तुकडे, चुलीची राख असं काही होतं? भाचा गप्प. त्यानं नोंद केली नव्हती. तिथल्या वारसा कायद्याप्रमाणं ७५ वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय जागी परवानगीशिवाय खणता येत नाही, तो का, हे त्या गप्प बसण्यात होतं. जाग्यावर असतं तर त्या नाण्यानं एका वाटेचा पुरावा दिला असता. टेबलावर आलं आणि ते नुसतं पितळ झालं.

इंग्लंडनं यावर जो मार्ग काढला तो मला शहाणपणाचा वाटतो. १९८०च्या दशकात सरे परगण्यातल्या वॉनबरोच्या रोमन देवळाची जागा यंत्रवाल्यांनी रात्री येऊन लुटली, हजारो नाणी गेली. त्यावरून हाकाटी झाली आणि १९९६ साली नवा कायदा आला. तीनशे वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची वस्तू सापडली तर चौदा दिवसांत कळवायचं. संग्रहालयानं ती घेतली तर तिची बाजारभावानं किंमत ठरते आणि ती सापडणारा आणि शेतमालक यांच्यात साधारणपणे वाटली जाते. खजिन्यात न मोडणाऱ्या किरकोळ वस्तूंसाठी १९९७ पासून स्वेच्छेनं नोंद करण्याची व्यवस्था आहे. बकलं, बटणं, नाणी मिळून १५ लाखांहून अधिक नोंदी झाल्या आहेत. २०२३ साली व्याख्या आणखी रुंदावली. दोनशे वर्षांहून जुनी, महत्त्वाची धातूची वस्तू सोन्या-चांदीची नसली तरी खजिन्यात मोडू लागली.

कायदा माणसाला शहाणा करतो की माणूस आधीच शहाणा असतो, कुणास ठाऊक! १९९२ साली, हा कायदा व्हायच्या आधी, सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. त्यानं एरिक लॉज या मित्राला बोलावलं. हातोडी शोधता शोधता लॉज यांच्या यंत्राखाली रोमन काळातल्या नाण्यांचा ढीग आला. त्यांनी काय करावं? थोडं वर काढलं आणि पुढचं खणणं थांबवलं. अधिकाऱ्यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वाची माणसं आली आणि त्यांनी मातीच्या थरांसकट तो ठेवा उचलला. जवळपास पंधरा हजार नाणी आणि दोनशेच्या आसपास दागिने, चमचे, भांडी. थांबल्यामुळं कळलं की हे सगळं एका लाकडी पेटीत, आत लहान डब्या, कपड्यात आणि पेंढ्यात गुंडाळून, नीट रचून ठेवलं होतं. पेटी कुजून गेली होती, पण तिची बिजागरी आणि रचनेचे ठसे मातीत राहिले होते. भसाभस उपसलं असतं तर नाणी तेवढीच मिळाली असती, पेटी मिळाली नसती.

याच्या उलट २०१५ साली लेमिन्स्टरजवळ झालं. दोघांना व्हायकिंग काळातला ठेवा मिळाला. त्यांनी तो दडवला, गुपचूप विकला. सुमारे तीनशे नाणी असावीत असा तपास करणाऱ्यांचा अंदाज होता, हाती आली ती तिसेक. त्या तिसांतल्या काही नाण्यांवर दोन शेजारी राज्यांचे राजे, आल्फ्रेड आणि केओलवुल्फ, यांचा एकोपा दिसतो. केओलवुल्फला नंतरच्या बखरकारांनी क्षुल्लक बाहुलं ठरवलं होतं. नाणी म्हणतात, तो बरोबरीचा सोबती होता. राहिलेल्या नाण्यांनी आणखी काय सांगितलं असतं ते कळायला मार्ग नाही. २०१९ साली दोघांना लांब मुदतीच्या शिक्षा झाल्या, पण शिक्षेनं नाणी परत येत नाहीत.

आता आपल्या घराकडे वळू. मार्च २०२५ मध्ये, 'छावा' हा हिंदी चित्रपट येऊन गेल्यानंतर, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात असीरगडाच्या पायथ्याशी रात्रीच्या रात्री टॉर्च लुकलुकू लागले. मोगलांचं सोनं इथं पुरलेलं आहे, अशी आवई उठली होती. गावोगावची माणसं कुदळी, चाळण्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं उकरत होती. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. २०१३ साली उत्तर प्रदेशात डौंडिया खेडा इथं एका साधूच्या स्वप्नात हजार टन सोनं आलं, तेव्हा तर पुरातत्त्व खात्याचीच कुदळ पडली. हजार टन! सापडले ते विटांचे, बांगड्यांचे, मडक्यांचे तुकडे. आणि आपल्याकडचा 'गुप्तधना'चा बाजार तर तुम्ही जाणताच. त्यापायी पशूंचे, क्वचित माणसांचेही बळी गेले आहेत. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला.

आता मांत्रिकाच्या हातात लिंबाऐवजी यंत्र आलं आहे, एवढाच फरक. एक किलोमीटरवरचं सोनं दाखवतो, अशी अँटेनावाली खेळणी विकणारे लोक आहेत. वर सांगितलेलं आठ गुणिले आठ आठवा, म्हणजे या दाव्याची किंमत कळेल. २०१३ साली एका ब्रिटिश विक्रेत्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यानं इराकसारख्या देशांना बॉम्ब शोधणारी म्हणून जी उपकरणं विकली, ती मुळात गोल्फचा चेंडू शोधण्याच्या एका गमतीच्या खेळण्यावरून घेतलेली होती आणि आत काहीच चालत नव्हतं. त्या भरवशावर तपासनाक्यांवर माणसं मेली.

कायदा मात्र आपल्याकडे जुनाच आहे. १८७८चा निखात निधी कायदा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. दडवलं तर तुरुंग. दहा रुपये हा आकडा अजून तोच आहे. आज दहा रुपयांत कटिंग चहा मिळाला तर नशीब, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. रीतसर उत्खननाला परवाना लागतो. संरक्षित किल्ल्यावर, लेण्यापाशी चकती फिरवून खणणं हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही इतिहासप्रेमाचा असो. इंग्लंडात आहे तशी सामान्य माणसानं सापडलेली किरकोळ वस्तू आनंदानं नोंदवावी अशी सोय आपल्याकडे रुजलेली नाही. त्यामुळं नांगराला लागलेलं नाणं सराफाकडे जाऊन वितळतं. ही खंत मला कवी म्हणून नाही, नागरिक म्हणून वाटते.

यंत्राशिवायही काय सापडू शकतं आणि काय हरवू शकतं, याचं उदाहरण आपल्याच नगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरमध्ये आहे. प्रवरेच्या काठी दायमाबाद. १९७४ साली छाबू लक्ष्मण भिल्ल हा माणूस तिथं एका झुडपाचं मूळ खणत होता. कुदळीला काही लागलं आणि मातीतून ब्राँझची चार शिल्पं निघाली. हत्ती, गेंडा, रेडा, आणि दोन बैलांचा रथ हाकणारा माणूस. चौघांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. एवढं अप्रतिम काम भारतात त्या काळचं दुसरं क्वचितच असेल. पुढं १९७५ ते ७९ या काळात एस. ए. साळी यांनी तिथं विस्तृत उत्खनन केलं, वस्तीचे एकावर एक थर उलगडले. पण ही चार शिल्पं कुठल्या थरातली? ती थरांच्या उत्खननात मिळालेली नव्हती, मुळाबरोबर उपटून आली होती. साळी आणि इतर काही जाणकारांनी ती उत्तर हडप्पा काळातली, म्हणजे साधारण चार हजार वर्षांपूर्वीची मानली. इतर काहींनी धातूचं पृथक्करण दाखवून ती बरीच अलीकडची असावीत असं म्हटलं. तो वाद अजून मिटलेला नाही. भाच्याला मी त्या रथाचं चित्र पाठवलं आहे. नाणं मिळालं ती जागा आठवून नकाशावर खूण करून ठेवायचं त्यानं कबूल केलं आहे. नव्या यंत्राचे पैसेही त्यानं भरून टाकले आहेत. आपाला अजून सांगितलेलं नाही.